उत्तरेत बर्फ पडतंय म्हणून आपले कुरव थांबलेत का?

सुरंगी
नमस्कार मंडळी. शिमगा झाला, पालख्या देवळात परत गेल्या, तरी हर्णैच्या बंदरावर कुरव (सीगल, हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे) अजून ढिगाने आहेत. एरवी मार्च संपत आला की गर्दी हळूहळू पातळ होते. यंदा टीव्हीवर रोज काश्मीर-लडाखच्या बर्फाच्या बातम्या, रस्ते बंद, गाड्या अडकल्या वगैरे, आणि इकडे पण पहाटे अजून गोधडी लागतेय. काल मासळीच्या लिलावाला गेले होते तर शेजारचे काका एकदम ठामपणे म्हणाले, "वर बर्फ आहे ना, जातील कसे? पाखरांना कळतं सगळं."
तर खरंच कळतं का? दीड-दोन हजार किलोमीटरवर बर्फ पडतंय हे हर्णैला बसून कसं कळणार? आणि दुसरं म्हणजे एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी भाचीला घेऊन आक्षीला जायचंय अलिबागजवळ. तोपर्यंत काही उरेल का किनाऱ्यावर की नुसते कावळे दाखवून आणू?

खेकडा
कावळे पण पक्षीच आहेत हो ताई.

तांबडमाती
काका बरोबर सांगतायत. आमचे आजोबा पण म्हणायचे, पाखरं लवकर गेली तर पाऊस लवकर. निसर्गाला सगळं आधी कळतं, आपल्यालाच ॲप उघडून बघावं लागतं.

अभ्यासू_कावळा
सुरंगी, चांगला धागा. थोडं लांबलचक लिहितो.

पहिली गोष्ट, पाखरू निघतं कधी हे ठरवणारं मुख्य घड्याळ थंडीचं नाही, दिवसाच्या लांबीचं आहे. यावरचा जुना नि भारी प्रयोग कॅनडातला. अल्बर्टा विद्यापीठातल्या विल्यम रोवन यांनी 1920 च्या दशकात जंको नावाची चिमणीएवढी पाखरं ऐन हिवाळ्यात उघड्या पिंजऱ्यात ठेवली, थंडी शून्याच्या खूप खाली, आणि फक्त एकच केलं, रोज संध्याकाळी दिवे लावून दिवस थोडा थोडा लांबवत नेला. थंडी तशीच होती तरी पाखरांच्या जननग्रंथी वाढायला लागल्या, म्हणजे त्यांच्या अंगात वसंत सुरू झाला. ज्या पाखरांना दिवे नव्हते ती तशीच राहिली. म्हणजे डोक्यावर गारठा असूनही उजेडाने काम केलं.

त्यामुळे हर्णैला पहाटे गोधडी लागते की नाही याचा कुरवाला फारसा फरक पडत नाही. आणि लडाखच्या बर्फाचं म्हणाल तर ते त्याला हर्णैला बसून कळण्याचा काही मार्गच नाही. पक्ष्यांना हवेचा दाब जाणवतो हे खरं, वादळ जवळ आलं की खाण्याची घाई वाढते, पण ते आसपासच्या हवेपुरतं.

उंडी
@अभ्यासू_कावळा, पण कॅनडात दिवस नि रात्रीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आपल्याकडे कुठे? रत्नागिरीला सगळ्यात छोटा दिवस साधारण 11 तासांचा आणि मोठा 13 तासांच्या थोडा वर. मार्चमध्ये दिवसाला जेमतेम मिनिटभराने वाढतो. एवढ्याशा फरकावर कोण सायबेरियाला निघेल?

अभ्यासू_कावळा
रास्त शंका. त्याचं उत्तर जर्मनीत मिळालं. एबरहार्ड ग्विनर यांनी वटवट्यांच्या जातीतली स्थलांतरी पाखरं खोलीत ठेवली, उजेड-अंधार वर्षभर एकसारखा, तापमान एकसारखं, बाहेरचा ऋतू कळायला जागाच नाही. तरी वर्षाच्या ठरावीक काळात ती रात्री पिंजऱ्यात बेचैन होऊन फडफडायची. म्हणजे अंगातच एक वर्षाचं घड्याळ आहे. दिवसाची लांबी त्या घड्याळाचे काटे जुळवते. विषुववृत्ताजवळ हिवाळा काढणारे पक्षी पण वेळेवर निघतात ते त्यामुळेच.

वेंगुर्लेकार
पाखरांका टीव्ही दिसता की काय? थंय बर्फ पडता ह्या तेंका कोणी सांगल्यान? बंदरार म्हावरा आसा तोपर्यंत ती कित्याक जातली? आमी तरी जाव काय?

खेकडा
वेंगुर्लेकार +१०००. फुकट बांगडा सोडून कोण जाईल बर्फात.

ओहोटी
विनोद बाजूला ठेवा पण वेंगुर्लेकारांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. निघायच्या आधी अंगावर चरबी चढवावी लागते. छोटा टिलवा बघा, वजन पंचवीस-तीस ग्रॅम, मुठीत मावेल एवढा, तो उन्हाळ्यात सायबेरियाच्या टुंड्रात अंडी घालतो. असले किनारी पक्षी लांब उड्डाणाआधी खाऊन खाऊन कधी कधी वजन दुपटीजवळ नेतात. ज्यांचं पोट भरलं ते निघतात, ज्यांचं नाही ते थांबतात. त्यामुळे एकाच थव्यातले काही मार्चमध्ये जातात, काही एप्रिलच्या शेवटी.

आणि सुरंगी, एक काम कर. पुढच्या वेळी लिलावाला जाशील तेव्हा गर्दी मोजू नकोस, डोकी बघ. हिवाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरं असतं, कानामागे नुसता एक काळा ठिपका. मार्चमध्ये तिथे गडद चॉकलेटी टोपी यायला लागते. टोपी पूर्ण झालेले जायच्या तयारीतले. ज्यांच्या शेपटीच्या टोकाला काळी पट्टी नि पंखांवर तपकिरी डाग दिसतील ती गेल्या वर्षीची पोरं, त्यांना यंदा घरटं करायचंच नाहीये. ती मेपर्यंत रेंगाळली तरी नवल नाही. चिखल्यांमध्ये (प्लोव्हर, छोटे किनारी पक्षी) तर काही पहिल्या वर्षाची पोरं अख्खा पावसाळा इथेच काढतात, मळकट रंगात.

सुरंगी
ओहोटी, हे फार उपयोगी. सकाळी जाऊन आले. टोपीवाले कमी आहेत, अर्ध्या टोपीवाले बरेच, आणि शेपटीला पट्टी असलेले तर भरपूर! काकांना दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे पोरं मागे ठेवून आईबाप गेले, आपल्या चाकरमान्यांसारखे उलटं." 😄

मिनेसोटाचा_बंड्या
मी रत्नागिरीचा, भाट्याच्या किनाऱ्यावर वाढलो, आता बर्फात राहतो म्हणून बोलायचा अधिकार आहे असं समजा.

बर्फाचा फटका निघायच्या जागी बसत नाही, पोचायच्या जागी बसतो. इकडे मिनियापोलिसला 2018 च्या एप्रिलच्या मध्यावर जबरदस्त हिमवादळ झालं, दीड-दोन दिवसांत फूटभराहून जास्त बर्फ. तोपर्यंत रॉबिन पक्षी आले होते. जमीन बर्फाखाली म्हणजे गांडुळं नाहीत, मग ते क्रॅबॲपलच्या झाडांवरची मागच्या वर्षीची सुकलेली फळं खात बसले. आमच्या बिल्डिंगसमोर एकच तसलं झाड, त्यावर मारामाऱ्या. आम्ही मनुका नि सफरचंदाच्या फोडी टाकल्या, बायको म्हणाली पुरणपोळी पण टाक.

दुसरी गंमत म्हणजे लून, मिनेसोटाचा राज्यपक्षी. त्याला उडायला पाण्यावर लांबच लांब धावावं लागतं, त्यामुळे तळं गोठलेलं असेल तर उतरून उपयोग नाही. वसंतात उशिरापर्यंत बर्फ राहिलं की लून दक्षिणेकडच्या उघड्या नद्यांवर गोळा होऊन थांबतात आणि मधून मधून उत्तरेकडे फेरी मारून तळं सुटलंय का बघून परत येतात. म्हणजे काका म्हणतात तसं "कळतं", पण टप्प्याटप्प्याने, जवळ गेल्यावर. हिवाळ्यात मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर बसून नाही.

तांबडमाती
बघा, म्हणजे कळतंच ना शेवटी.

अभ्यासू_कावळा
तांबडमाती, जवळ गेल्यावर कळणं आणि हर्णैला कळणं यात फरक आहे. चिपळूणच्या पुलावर पाणी चढलंय हे खेडला आल्यावर कळतं, दादरला नाही.

तांबडमाती
दादरला व्हॉट्सॲपवर आधी कळतं 😂

लेहवासी_गुहागरकर
मी गुहागरचा, नोकरीमुळे सध्या लेहला. बंड्याच्या लूनवरून लिहावंसं वाटलं. आपल्या हर्णैच्या थव्यात जे तपकिरी डोक्याचे कुरव आहेत, ज्यांच्या पंखांच्या काळ्या टोकात पांढरे आरसे (ठिपके) दिसतात नि बुबुळ फिकट असतं, त्यांच्यातले काही इथे त्सो मोरिरी, त्सो कारला घरटी करतात. ही तळी साडेचार हजार मीटर उंचीवर. एप्रिलमध्ये बर्फ पडलं की तळ्याचा बराचसा भाग पांढराच असतो, जिथे झरा येऊन मिळतो तिथे थोडं पाणी उघडं, आणि सगळी पाखरं त्या पट्ट्यात. पट्टकदंब हंस पण तिथेच. त्यांना मी बर्फात डोकं पंखात घालून बसलेले पाहिलेत, काही घाई नाही.
शे नि ठिकसेच्या बाजूला सिंधूकाठची दलदल आहे तिथे मात्र गोठत नाही. बर्फाच्या दिवशी सकाळी गेलं की धोबी, तुतवार, सगळे पाण्याच्या कडेला रांगेत. गुहागरच्या वाडीतल्या पाटावर दिसणारा तोच पांढरा धोबी इथे बर्फाच्या कडेला शेपूट हलवत फिरतो, बघून जाम गहिवरतो मी. बायको म्हणते तू पण तिथेच जा.

उंडी
मस्त लिहिलंय. पट्टकदंब खरंच एव्हरेस्टवरून जातात का?

लेहवासी_गुहागरकर
ट्रान्समीटर लावून मोजलेली सगळ्यात जास्त उंची 7,290 मीटर आहे. बहुतेक वेळा ते दऱ्याखोऱ्यांतून, जमीन धरून जातात. तरी पण सात हजारांवर पंख मारणं म्हणजे काय, मी इथे जिना चढलो तरी धापा टाकतो.

माळभिंगरी
मोठे पक्षी, हंस वगैरे, बर्फ सोसतात. अंगात चरबी असते, उपाशी राहू शकतात. हाल होतात ते माझ्या नावाच्या पक्ष्यांचे! माळभिंगरी उडते किडे खाते. थंडी आली, किडे उडायचे थांबले की दोन दिवसांत खेळ खलास. एप्रिल 2020 मध्ये ग्रीसमध्ये आफ्रिकेतून परतणाऱ्या हजारो माळभिंगऱ्या नि पाकोळ्या जोरदार वारा नि थंडीत सापडून मेल्या, अथेन्सच्या रस्त्यांवर, बाल्कन्यांत पडलेल्या. लॉकडाऊनचे दिवस होते, लोक घरातून बघत होते. आणि 1974 च्या शरद ऋतूत युरोपात लवकर थंडी पडून माळभिंगऱ्या आल्प्सच्या अलीकडे अडकल्या तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना खोक्यांत भरून रेल्वेने नि विमानाने दक्षिणेला नेऊन सोडलं होतं.

खेकडा
विमानाने पक्षी?! आणि आपल्याला गणपतीत कोकणकन्येचं तिकीट मिळत नाही.

दाभोळखाडी
हाहाहा खेकडा. गणपती स्पेशलला तरी जागा देतील का पाखरांना.

उंडी
अवांतर: मांडव्याच्या बोटीवरून लोक कुरवांना शेव-गाठी नि चिप्स टाकतात ते बंद करायला हवं की नको? मागच्या वेळी माझ्या शेजारी एक कुटुंब अख्खी पिशवी रिकामी करत होतं, मी बोलले तर मलाच ऐकवलं.

दाभोळखाडी
काय बिघडतं? पोरांना मजा येते, पाखरांना खायला मिळतं. आता तुम्हीच म्हणालात ना चरबी लागते.

ओहोटी
तेलकट मैदा-बेसनाची चरबी नको हो दादा. मिठाचं बघा, मसाल्याचं बघा. मासे, किडे, समुद्रातले बारीक जीव यातून जे मिळतं ते शेवेत नाही. वर बोटीच्या मागे धावायची सवय लागते. मासळी बंदरावर पण उरलंसुरलं मिळतं त्यांना, पण तो मासा असतो. माझं मत, टाकू नये.

दाभोळखाडी
मग हर्णैला बांगडा नि मांडव्याला शेव, दोन्हीकडे आयतंच ना. एक चालतं नि एक नाही हे काय पटलं नाही. असो.

कासवमित्र_आंजर्ले
मी कासवांच्या कामात असतो. आता आंजर्ल्याला, वेळासला पिल्लं सोडण्याचे दिवस, पहाटे किनाऱ्यावर असतोच त्यामुळे पक्षी पण दिसतात. वेळासचं काम 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने सुरू केलं, तेव्हापासून किनाऱ्यावर पहाटे माणसं वाढली हे चांगलंच. पण आता किनाऱ्यावर त्या चारचाकी बाइक चालवतात ना पर्यटकांसाठी, त्या सरळ थव्यात घालतात, फोटोसाठी पोरं धावतात. वर सगळे बर्फावर बोलताय, तर हे पण लक्षात घ्या. मार्च-एप्रिलमध्ये चिखल्या नि टिलव्यांना प्रत्येक वेळी उठवलं की खाण्याचा वेळ गेला आणि उडण्यात चरबी पण जळली. लडाखचं बर्फ आपल्या हातात नाही, आंजर्ल्याचा किनारा आहे.

उंडी
+१. कुत्र्यांचं पण. मोकाट नि पाळीव दोन्ही.

तांबडमाती
अहो पण हे ग्लोबल वॉर्मिंग असताना बर्फ जास्त कसं पडतंय हे कोणी सांगेल का? एकीकडे म्हणता गरम होतंय.

अभ्यासू_कावळा
एका वर्षाच्या, एका खोऱ्यातल्या बर्फावरून हवामान ठरत नाही. पश्चिमी झंझावात भूमध्य समुद्राकडून येतात, मार्चमध्ये एखादा जोरात आला की हिमाचल-काश्मीर पांढरं. पण लांबचा कल बघायचा तर उत्तर सायबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाचं उदाहरण घ्या. तिथे 33 वर्षांत बर्फ वितळायची वेळ दरवर्षी साधारण अर्ध्या दिवसाने अलीकडे सरकत गेली. तिथे रेड नॉट नावाचा किनारी पक्षी घरटी करतो (आपल्याकडे क्वचित दिसतो). पिल्लं बाहेर येईपर्यंत किड्यांचा भर ओसरलेला, म्हणून पिल्लं लहान राहिली, चोच आखूड राहिली. हिवाळ्यात तीच पाखरं पश्चिम आफ्रिकेत मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर जातात, तिथे शिंपले वाळूत खोल, आखूड चोच पोचत नाही. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला.
म्हणजे बर्फ उशिरा राहिलं तरी त्रास, लवकर गेलं तरी त्रास. आणि हर्णैहून घड्याळ बघून निघालेल्या पाखराला यातलं कुठलं यंदा आहे ते माहीत नसतं.

तांबडमाती
हे वाचून पटलं थोडं. पण आजोबा बरोबर होते असं माझं मत कायम आहे.

माळभिंगरी
आजोबांचं पावसाचं म्हणणं चातकासाठी घ्या. तो मेच्या शेवटी, जूनमध्ये आफ्रिकेकडून येतो नि साधारण त्याच सुमाराला पाऊस. वारे तिकडूनच येतात ना. आणि नवरंग पण तेव्हाच येतो, पावसाळ्यात आमच्या परसात पहाटे ओरडून झोप मोडतो.

वेंगुर्लेकार
आणि आमच्या वेंगुर्ला रॉक्सार पाकोळ्यांची घरटी आसत गुहेत, ती बारा म्हयने हंयच. तेंका बर्फाचा काय सोयरसुतक नाय. सगळीच पाखरा पळपुटी नसतत.

भोरडी_गँग
कुरवांच्या नादात भोरड्या विसरलात सगळे. आमच्याकडे संगमेश्वरला पळस-पांगारा फुलला की भोरड्यांचे थवे नुसते किलबिलाट करतात, गुलाबी नि काळ्या. त्या कझाकस्तानच्या बाजूला जातात, टोळ नि नाकतोडे खाऊन पिल्लं वाढवतात. एप्रिलमध्ये गायब आणि जुलै-ऑगस्टमध्ये परत हजर. म्हणजे माहेरी जेमतेम तीन महिने. त्यांना तिकडे उशिरा बर्फ पडलं तर काय करतात कोणास ठाऊक, बहुतेक पांगाऱ्याची आठवण काढत असतील.

सुरंगी
एवढं सगळं वाचून मी भारावले आहे आणि काकांना मोबाईलवर वाचून दाखवलं. ते म्हणाले "असेल", म्हणजे हार मानलेली नाही.
आता माझ्या आक्षीचं कोणी सांगेल का? भाची दहावीला आहे, दुर्बीण आहे तिच्याकडे. एप्रिलचा दुसरा शनिवार.

ओहोटी
नक्की ये. एप्रिलमध्ये संख्या कमी पण रंग जास्त. हिवाळ्यात सगळे राखाडी, नवशिक्याला ओळखताना रडू येतं. एप्रिलमध्ये चिखल्यांच्या छातीवर विटकरी पट्टा येतो, कर्ल्यू सँडपायपर तर अख्खा विटकरी लाल होतो. भाचीला हाच काळ चांगला.

वेळ तिथीवरून काढ. तिथीला पाऊणने गुण की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, म्हणजे सहाला भरती. पंचमीला पावणेचार. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास, तेव्हा उधाण, सकाळी सहाला पाणी इतकं आत जातं की पक्षी क्षितिजावर ठिपके. तेव्हा साडेनऊ-दहाला ये, पाणी त्यांना तुझ्याकडे ढकलत आणतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, पाणी फार वर येत नाही नि फार खाली जात नाही, पण पहाटेच पक्षी जवळ असतात.

सुरंगी
कालनिर्णय बघितलं. नवमी आहे. म्हणजे नऊ पाऊण पावणेसात?

ओहोटी
हो. सहाला किनाऱ्यावर पोच, उजाडलेलं असेल. सुरुच्या बनातून थेट थव्यात जाऊ नका, पाण्याच्या रेषेला समांतर हळू चाला, सूर्य पाठीमागे राहील. ऊन आठनंतर भाजतं, टोपी नि पाणी. मला पण त्या शनिवारी सुट्टी आहे, ट्रायपॉडसकट स्कोप घेऊन येते. भाचीला दाखवू.

कासवमित्र_आंजर्ले
कुठल्याही पायात रंगीत पट्टी किंवा कडी दिसली तर फोटो काढा नि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. कडीवरचा आकडा वाचता आला तर ते कुठून आलंय ते समजतं.

खेकडा
मी पण येतो शनिवारी. कावळे मोजायला कोणीतरी हवंच.

वेंगुर्लेकार
येताना हर्णैची सुकट घेऊन येवा रे, पाखरा नाय दिसली तरी फेरी फुकट नाय जावची.

सुरंगी
सुकट आणते. खेकडा, गाडी आहे का तुझ्याकडे? अलिबाग एसटी स्टँडवरून पहाटे साडेपाचला आक्षीला रिक्षा मिळेल याची खात्री नाही.